शतपत्रांचे वाचक

एखाद्या लेखकाच्या अनेक लेखांपैकी लोकांनी नेमके कोणते मनात जपले, हे पाहणे मोठे उद्बोधक असते. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात 'लोकहितवादी' या टोपणनावाने मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहिली. आरंभी त्यांचे वय अवघे पंचवीस होते. नावाने ती 'शतपत्रे', परंतु संख्येने १०८.

कोल्हापुरात सातवीच्या वर्गात त्यांतील निवडक पत्रे मी पुष्कळ वर्षे वाचून दाखविली. प्रारंभी विधवांच्या पुनर्विवाहाचा कैवार घेणारी पत्रे मुले निःशब्द होऊन ऐकत; कित्येकांच्या घरी ऐन तारुण्यात विधवा झालेली आजी असे. पुढे एका मुलीने विचारले, "गुरुजी, यात एवढे पटवून देण्यासारखे काय आहे?" मी क्षणभर खिन्न झालो; मग उमगले, हेच त्या पत्रांचे यश होय. १८५६ साली पुनर्विवाहास कायद्याची मान्यता मिळाली, १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात तसा कायदा केला. घराघरांत तो विचार रुजण्यास मात्र त्याहून अधिक काळ लागला.

उलट, आपल्या आळसावर आणि जगाविषयीच्या अज्ञानावर कोरडे ओढणाऱ्या पत्रांना अखेरपर्यंत हशा मिळत राहिला. ते वर्णन शेजाऱ्यास लागू पडते, असे प्रत्येकास वाटे!

श्रोतेहो, सुधारकाचे लेखन दीर्घकाळ ताजे राहते, ते पुष्कळदा आपले काम अपुरे राहिल्यामुळे. यास्तव जुना लेख आवडला, तर तो अजून का लागू पडतो, हेही स्वतःस विचारावे.