येहुदी मेन्युहिन : एका वादकाची दुसरी तालीम

बालवयातच कीर्तीच्या शिखरावर जाऊन बसलेली आणि मिसरूड फुटण्याच्या सुमारास विस्मृतीत गडप झालेली मुले पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात इतकी आहेत, की त्यांची नोंद ठेवण्यास एखादे स्वतंत्र दफ्तरच उघडावे लागेल. परंतु ज्याची कीर्ती पाऊणशे वर्षे अबाधित राहिली आणि तरीही ज्याला स्वतःच्या कलेची मुळाक्षरे भर तारुण्यात पुन्हा गिरवावी लागली, असा व्हायोलिनवादक शोधू गेल्यास येहुदी मेन्युहिन यांच्याखेरीज दुसरे नाव मला तरी आठवत नाही.

रशियन साम्राज्यातून पॅलेस्टाइनमार्गे अमेरिकेत आलेल्या ज्यू दांपत्याच्या पोटी न्यूयॉर्क येथे २२ एप्रिल १९१६ रोजी जन्मलेला हा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत वाढला, तेथील वाद्यवृंदाचे अग्रवादक लुई पर्सिंजर यांच्या हाताखाली शिकला आणि सातव्या वर्षी श्रोत्यांपुढे उभा राहिला. १९२७ साली, अकरा वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजविण्याचा हट्ट धरला, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालक फ्रिट्झ बुश यांना ही दरखास्त पोरखेळाची वाटली होती. पण पोराचे वादन प्रत्यक्ष कानी पडताच त्यांनी आपली हरकत मागे घेतली आणि त्या रात्रीपासून येहुदी जगाचा झाला. दोन वर्षांनी बर्लिनमध्ये ब्रूनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली बाख, बेथोव्हेन आणि ब्राह्म्स या तिघांचे कॉन्चेर्टो त्याने एकाच बैठकीत सादर केले. प्रौढ वादकाचाही घाम काढणारा हा संकल्प तेरावे वर्ष पुरे न झालेल्या मुलाने तडीस नेला, आणि श्रोत्यांत बसलेल्या आइन्स्टाइन यांनी धावत जाऊन त्याला मिठी मारली, असे सांगतात. त्याच वर्षी हेन्री गोल्डमन नावाच्या धनिकाने त्याला १७३३ सालचे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन भेट दिले.

पॅरिसमध्ये त्याला जॉर्ज एनेस्कू यांच्यासारखा गुरू लाभला. हा रुमानियन संगीतकार शिष्याला बोटे कोठे ठेवावीत हे सांगण्यापेक्षा वाक्य कोठे श्वास घेते हे दाखवून देई. त्या काळातील सर्वांत मनोज्ञ प्रसंग मात्र लंडनचा. १९३२ साली एडवर्ड एल्गार यांचा कॉन्चेर्टो स्वतः एल्गार यांच्याच संचालनाखाली ध्वनिमुद्रित व्हावयाचा होता. सोळा वर्षांचा येहुदी तालमीसाठी पंचाहत्तरीच्या त्या रचनाकाराकडे गेला. थोडेसे वादन ऐकताच म्हातारबुवांनी, यात मला सांगण्यासारखे काही नाही, असा अभिप्राय दिला आणि ते घोड्यांच्या शर्यतीला निघून गेले. हे ध्वनिमुद्रण आजही मिळते. त्यातील संथ भागात जो आर्त आणि तरीही अश्रूंचे प्रदर्शन टाळणारा स्वर लागला आहे, तो मेन्युहिन यांना पुढे क्वचितच तितक्या सहजतेने सापडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहजतेने, हीच तर खरी गोम होती. मुलाला वाजविता येत होते. आपण कसे वाजवितो, हे ठाऊक नव्हते. ज्यांच्या नावाचा युरोपभर दरारा होता अशा बेल्जियन वादक यूजेन इझाई यांनी त्याचे अवघड वादन ऐकून घेतल्यावर, आता 'ए मेजर'चा साधा चार सप्तकांचा आरोह-अवरोह मोडत्या स्वरांत वाजवून दाखव, अशी आज्ञा केली. तेव्हा कीर्तिमंत बालक पटावर चाचपडू लागला. आपल्याकडील खाँसाहेबांनी, बंदिश झाली, आता पलटे ऐकव, असे म्हणावे तसेच हे झाले. इझाई यांनी पलट्यांची शिफारस केली. मुलाने ती मनावर घेतली नाही. जे पक्ष्याला उडण्याइतके स्वाभाविक होते ते विसाव्या-पंचविसाव्या वर्षी, शरीर बदलल्यावर, स्वाभाविक उरले नाही, आणि त्यातच महायुद्ध आले.

युद्धकाळात मेन्युहिन यांनी दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी पाचशेहून अधिक मैफली केल्या. १९४४ साली, अमेरिकेत विपन्नावस्थेत दिवस काढणाऱ्या बेला बार्टोक यांच्याकडून मागवून घेतलेला एकल व्हायोलिनचा सोनाटा त्यांनी प्रथम वाजविला. माझ्या मते हाच त्यांचा विसाव्या शतकाला सर्वांत टिकाऊ नजराणा होय. १९४५च्या जुलैत बेंजामिन ब्रिटन यांना पियानोवर घेऊन त्यांनी बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीतून वाचलेल्या हतभाग्यांपुढे वादन केले. असा माणूस १९४७ साली बर्लिनला जातो आणि नाझी अमदानीत जर्मनीतच राहिलेल्या फुर्टव्हेंगलर यांच्या संचालनाखाली वाजवितो, हे अनेक ज्यूंना विश्वासघातासारखे वाटले. विस्थापितांच्या छावणीत मेन्युहिन स्वतः जाऊन क्षुब्ध जमावापुढे आपली कैफियत मांडून आले. सर्वांचे समाधान झाले नाही, होणेही शक्य नव्हते. पण ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्याच पुढ्यात जाऊन बोलण्याचे धैर्य त्यांच्या ठायी होते, आणि १९७१ साली मॉस्कोत जाहीर भाषणातून बंडखोर लेखक सोल्झेनित्सिन यांचा गौरव करतानाही ते दिसून आले.

या धामधुमीत हात मात्र बिघडत चालला होता. हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये वाद्य दाबून, डावा कोपर आत वळवून, उजवा हात तासन् तास हवेत तोलून धरण्याचा हा व्यवसाय शरीराला मोठा जाचक. गज तारेवर थरथरू लागला. १९५१ साली न्यूझीलंडमधील एका अस्थिचिकित्सकाकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता त्यांच्या हाती योगासनांवरील एक पुस्तिका पडली, आणि पुढील वर्षी पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून दुष्काळनिवारणाच्या मदतीसाठी ते भारतात आले तेव्हा पंतप्रधानांपुढे शीर्षासन करून दाखविण्यापर्यंत त्यांची प्रगती झाली होती. मुंबईच्या मुक्कामात त्यांच्याकडे पुण्याहून एक तरुण योगशिक्षक आले. १९३७ पासून पुण्यात योगाचे वर्ग चालविणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांना भेटीसाठी मुदत अगदी थोडी मिळाली होती. पण त्यांनी पाहुण्याला आडवे निजवून शरीर शिथिल करविताच कित्येक दिवसांचा शिणलेला वादक गाढ झोपी गेला, आणि मिनिटांची ती मुदत तासांवर गेली. १९५४ साली मेन्युहिन यांनी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले आणि परतताना एक घड्याळ दिले. त्यावर कोरलेल्या मजकुरात अय्यंगार यांचा उल्लेख योगशिक्षक म्हणून नव्हे, तर आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हणून केला होता. पर्सिंजर आणि एनेस्कू यांच्या शिष्याने हे लिहावे यात सौजन्याची अतिशयोक्ती थोडी असेलही. तथापि श्वास, मणका आणि खांदा यांची उपजत वाटणारी व्यवस्था मुद्दाम शिकावी लागते, ही जाणीव त्यांना या मार्गाने आली, यात शंका नाही. १९६६ साली निघालेल्या अय्यंगार यांच्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथाला प्रस्तावना आहे ती मेन्युहिन यांचीच.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. व्ही. जी. जोग, गजाननराव जोशी, डी. के. दातार हे आपले वादक मांडी घालून बसत, वाद्याचे शीर्ष पायावर टेकवीत आणि तारा षड्ज-पंचमात लावून डावा हात मींडेसाठी मोकळा सोडत. मानेवरचा अर्धा भार या बैठकीनेच उतरतो. मेन्युहिन ज्या मुक्ततेसाठी पुण्याच्या गुरूकडे गेले, तिचा काही अंश आमच्या बैठकीत आयताच होता, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

योगाने हात पूर्ववत झाला काय? प्रामाणिक उत्तर, नाही. उत्तरकालीन ध्वनिमुद्रणांत गजाचा कंप अधूनमधून ऐकू येतो, आणि त्याकडे डोळेझाक करणारे भक्त त्यांच्यावर अन्यायच करतात. पण स्वतः चाचपडलेला मनुष्य शिक्षक चांगला होतो: १९६३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी काढलेल्या निवासी संगीतशाळेतून नायजेल केनेडी यांच्यासारखे वादक बाहेर पडले. पुढे गजापेक्षा संचालकाची छडीच त्यांच्या हाती अधिक दिसू लागली; बर्लिन फिलहार्मोनिकच्या शताब्दीत तर शीर्षासनात उभे राहून पायांनी संचालन करण्याचा विक्षिप्तपणाही त्यांनी केला. ब्रिटिश सरदारकी मिळालेले लॉर्ड मेन्युहिन १२ मार्च १९९९ रोजी, संगीताच्या दौऱ्यावर असतानाच, बर्लिनमध्ये वारले.

भारतीय संगीताशी त्यांचा जो संबंध आला, त्याबद्दल पंडित रविशंकर यांच्यासह केलेल्या 'वेस्ट मीट्स ईस्ट' या ध्वनिमुद्रिकेचाच डंका नेहमी पिटला जातो. तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, हे खरे. परंतु त्यातील तिलंग किंवा गुणकली यांचे मेन्युहिनकृत वादन आगाऊ लिहून घेतलेले आहे, आणि रागाची बढत जिथे क्षणोक्षणी नव्याने घडावी तिथे पाठ म्हणणाऱ्या सज्जन विद्यार्थ्याची अदब जाणवते. ही उणीव त्यांना स्वतःला पुरेपूर ठाऊक असावी, कारण आपल्या वादकांच्या उपजेपुढे ते सदैव नम्र राहिले. त्यांची खरी सेवा त्याआधीची, १९५५ सालची. रविशंकर यांना येणे जमले नाही म्हणून त्यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांना न्यूयॉर्कला नेले. तबल्यावर चतुरलाल होते. त्या वेळी निघालेली सिंधुभैरवी आणि पिलू यांची ध्वनिमुद्रिका हिंदुस्थानी संगीताची पश्चिमेतील पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका गणली जाते. तीत प्रारंभी मेन्युहिन यांचा आवाज ऐकू येतो: ते श्रोत्यांना वाद्यांची ओळख करून देतात, राग आणि ताल म्हणजे काय ते सांगतात, आणि व्हायोलिनला हातही न लावता सरोदसाठी जागा मोकळी करून देतात.