भाराची वाट

नाशिकजवळच्या अंबड गावाला शहरानं दोन बाजूंनी वेढलं. एकीकडे एमआयडीसीची औद्योगिक वसाहत उभी राहिली, दुसरीकडे सिडकोनं वसवलेलं नवीन नाशिक. सिडकोची स्थापना 1970ची. नाशिकमध्ये सिडकोच्या सहा योजना झाल्या आणि त्यांत कामगारांना, अल्प उत्पन्न गटाला परवडतील अशी हजारो छोटी घरं बांधली गेली. पुढे कुटुंबं वाढली तशी घरंही वाढली. मागच्या मोकळ्या जागेत खोली आली, गच्चीवर मजला चढला, काही ठिकाणी त्यावर आणखी एक. 2018 मध्ये तुकाराम मुंढे महापालिका आयुक्त असताना या वाढीव बांधकामांचा प्रश्न पेटला, तेव्हा वाद झाला तो अधिकृत-अनधिकृतचा. मूळ पाया हा जादा भार पेलतो का, हे विचारणारे आवाज फार थोडे होते. मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एका मजल्याचं वजन किती, याचा हिशेब करू. पाच इंची आरसीसी स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 310 किलो भरतो. त्यावर कोबा आणि फरशी 100 किलो, माणसं आणि सामानासाठी भारतीय मानकानुसार धरायचे 200 किलो. नऊ इंची विटांची, तीन मीटर उंचीची भिंत धावत्या मीटरला सुमारे 1,400 किलो. म्हणजे 30 चौरस मीटरच्या घरावर एक मजला चढवला आणि भिंतींची लांबी 20 मीटर धरली, तर 45 टनांच्या आसपास भार खाली उतरतो. जुनं घर लोड बेअरिंगचं असेल तर तो सगळा भिंतींतून पायात जातो. खालच्या हॉलसाठी कुणी मधली भिंत काढली असेल, तर भाराची वाटच तुटते.

आणि तो पाया बसलाय कशावर? नाशिकचा परिसर दख्खनच्या बेसाल्टचा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. पण काळ्या मातीचा थर इथे एक हात, तर पलीकडे पुरुषभर असू शकतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. घराचं एक टोक मुरमावर आणि दुसरं काळ्या मातीवर असेल तर एक टोक खचतं, दुसरं जागेवर राहतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. गिलावा करून तो बुजवतात, पुढच्या पावसाळ्यानंतर तो पुन्हा दिसतो. स्लॅबच्या लगेच खालची आडवी भेग बहुधा उन्हानं स्लॅब सरकल्याची असते, तिची फार काळजी नको. कॉलमवर सळईच्या रेषेत उभी भेग दिसली तर मात्र थांबू नये. आतलं लोखंड गंजतंय, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्यानं बाहेरचं काँक्रीट फोडून टाकतो.

कॉलमला हात लावल्यावर काय होऊ शकतं, हे मुंबईतल्या घाटकोपरनं पाहिलंय. 25 जुलै 2017 रोजी सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली, 17 जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला होता. पाडापाडी खालच्या मजल्यावर, मरण वरच्यांचं. तळमजला दुकानांसाठी किंवा पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या इमारती भूकंपात कशा पडतात, हे अहमदाबादनं 26 जानेवारी 2001 ला दाखवलं. भूजच्या त्या भूकंपाचा केंद्रबिंदू तिथून दोनशे किलोमीटरहून दूर होता. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरलं जातं, हे इथल्या किती घरमालकांना ठाऊक असेल?

आता कंटेनर. तिथेही प्रश्न भाराच्या वाटेचाच. साइट ऑफिस, पहारेकऱ्याची खोली, कॅफे, अलीकडे तर फार्महाऊससुद्धा कंटेनरमध्ये होतं. आधी एक फरक सांगायला हवा. बाजारात ‘कंटेनर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक केबिन पत्रा आणि अँगल जोडून इथेच बनवलेल्या असतात. जहाजावरच्या कंटेनरची ताकद त्यांच्यात गृहीत धरू नये.

जहाजी कंटेनरचा जन्म माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराच्या हिशेबातून झाला. 26 एप्रिल 1956 ला त्याचं ‘आयडियल एक्स’ जहाज 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. आजचा 20 फुटी कंटेनर 6.06 मीटर लांब, 2.44 रुंद, 2.59 उंच. रिकाम्याचं वजन सव्वादोन टन. तरी त्याच्यावर भरलेले कंटेनर थरावर थर रचता येतात, कारण सगळा भार चार कोपऱ्यांतल्या खांबांतून खाली जातो. भिंतीचा नागमोडी पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण तोच या चौकटीला वाकडं होऊ देत नाही आणि लांब बाजूला तुळईचं काम करतो. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून पाहा, म्हणजे कळेल. खोली मोठी करण्यासाठी दोन कंटेनर शेजारी ठेवून मधल्या भिंती गॅस कटरनं कापतात, तेव्हा छत लोंबतं, दरवाजे अडकू लागतात. कापलेल्या कडेला चौकोनी पाइपची चौकट आणि वर पुरेशी तुळई वेल्ड केलीच पाहिजे. छताची चाचणी होते ती 600 बाय 300 मिलिमीटर जागेवर 300 किलो ठेवून. तिथे हजार लिटरची टाकी बसवणं म्हणजे एक टन. वरचा कंटेनर आडवा किंवा पुढे काढून ठेवला, तर त्याचे कोपरे खालच्या खांबांवर न येता कमकुवत कडेवर टेकतात.

वारा तर कुणाच्या हिशेबातच नसतो. भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय. या वेगाला चौरस मीटरवर सुमारे 93 किलोचा दाब येतो. 20 फुटी कंटेनरच्या लांब बाजूवर तो जवळजवळ दीड टन होतो. एकावर एक ठेवलेले दोन रिकामे कंटेनर घेतले तर वाऱ्याचं उलथवणारं बळ साडेसात टन-मीटर, त्यांच्या वजनाचा प्रतिकार साडेपाच. विटांच्या थप्पीवर नुसते टेकवलेले कंटेनर या वाऱ्याला उलटतील. चारही कोपऱ्यांखाली मुरमापर्यंत नेलेलं काँक्रीटचं फुटिंग आणि त्यात पक्के बसवलेले बोल्ट, एवढं तरी हवंच.

पुन्हा घरांकडे वळू. जुन्या इमारतींसाठी कायदा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून स्थैर्य प्रमाणपत्र द्यावं लागतं. सिडकोच्या सुरुवातीच्या योजनांतली घरं ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहेत. पण 30 वर्षं मोजली जातात ती मूळ घराची. दहा वर्षांपूर्वी वर चढलेला मजला नकाशातच नसेल, तर तपासणारा अभियंता कोणत्या घराला प्रमाणपत्र देणार? हातोड्याची चाचणी, अल्ट्रासोनिक चाचणी यांतून काँक्रीटची प्रत कळते, पायाची रुंदी आणि खोली कळत नाही. त्यासाठी जोत्याशेजारी खड्डा घेऊन पाया उघडा करावा लागतो. महापालिकेनं अंबड आणि सिडकोतल्या वाढीव मजल्यांच्या घरांसाठी हा खड्डा सक्तीचा करावा, त्याचा खर्च गरीब घरमालकावर टाकू नये, आणि त्यातून पुढे आलेल्या माहितीचा वापर घर पाडण्याआधी ते बळकट करण्यासाठी करावा.