नाकतोड्याच्या पेशीतील प्रक्षिप्त पान

कलाशाखेच्या वार्षिकात नाकतोड्यावर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु मला या विषयाची गोडी लागली ती मराठीच्या तासालाच. पोथीत मागाहून घुसलेल्या ओव्या कशा ओळखाव्यात, हा प्रश्न आपल्याला परिचित आहे. तसाच प्रश्न जीवशास्त्रज्ञांना टोळाच्या पेशीत पडला.

नाकतोडे आणि टोळ एकाच गोतातले. त्यांची गुणसूत्रे चांगली ठसठशीत असतात. वॉल्टर सटन याने १९०२-०३ मध्ये आनुवंशिकता गुणसूत्रांतून चालते असे मांडले, ते नाकतोड्याच्याच पेशी पाहून. या कुळातील पुष्कळ जातींत नराला २३ गुणसूत्रे असतात: अकरा जोड्या आणि एक एकटे ‘एक्स’. मादीला २४.

गुणसूत्र दिसले तरी त्यावरचे सुटे जनुक दिसत नाही. ते फारच लहान. काही जनुकांच्या मात्र पुष्कळ प्रती एकापुढे एक लागलेल्या असतात, कारण त्यांचा माल पेशीला सतत लागतो. डीएनए ज्यांभोवती गुंडाळला जातो त्या हिस्टोन प्रथिनांची जनुके अशीच. मग शास्त्रज्ञ असे करतात: पेशी काचपट्टीवर पसरून उष्णतेने डीएनएचे दोन धागे सुटे करायचे आणि हव्या त्या जनुकाचा खूण केलेला तुकडा वर सोडायचा. तो आपला जोडीदार शोधून चिकटतो; बाकीचे धुऊन जाते. जोसेफ गॉल व मेरी लू पारड्यू यांनी १९६९ साली ही रीत दाखवली, तेव्हा खूण किरणोत्सर्गी होती. आता चमकणारे रंग वापरतात. प्रती अनेक असल्याने ठिपका स्पष्ट उमटतो.

स्पेनमधील काब्रेरो, कामाचो आणि सहकाऱ्यांनी असे नकाशे काढले. रायबोसोमांच्या आरएनएची जनुके जातीजातींत जागा बदलताना दिसली. उलट हिस्टोनची जनुके, २००९ साली तपासलेल्या ३५ जातींपैकी बहुतेकींत, एकाच मध्यम आकाराच्या गुणसूत्रावर ठाण मांडून होती. मला हा फरकच सर्वांत मोलाचा वाटतो. घर बदलत फिरणाऱ्याची साक्ष काय कामाची?

आता ते घुसखोर पान. काही टोळांत नेहमीच्या संचाखेरीज एखादे जास्तीचे ‘बी’ गुणसूत्र असते. त्याच्यावाचून टोळाचे काही अडत नाही. मग ते आले कोठून? स्थलांतरी टोळाच्या ‘बी’वर हिस्टोन जनुकांचा ठिपका चमकला. एरवी तो आठव्या गुणसूत्रावर असतो. दोन्हींकडील जनुकांचा अक्षरक्रम ताडून २०१० मध्ये निष्कर्ष निघाला की ‘बी’चा उगम त्या आठव्यातच आहे. पाठभेद जुळवून मूळ प्रत शोधावी, तसेच हे.

याच टोळाच्या डीएनएचा कच्चा आराखडा २०१४ साली निघाला. सुमारे साडेसहा अब्ज अक्षरे, माणसाच्या दुपटीहून अधिक! मात्र तो तुकड्यातुकड्यांत होता. सारखाच मजकूर पुनःपुन्हा आला की कोणता तुकडा कोठला, हे वाचणाऱ्या यंत्रालाही कळेनासे होते. काचपट्टीवरचा ठिपका मात्र आपले गुणसूत्र थेट दाखवतो.