घर नवं, पण पावसाळ्यात दार लागतंय का?

डिंगोरे, उदापूर, ओतूर या पट्ट्यात कांदा-टोमॅटोच्या चार पैशांतून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. विहिरीवर मोटार बसवायची तर आपला शेतकरी दहा जणांना विचारतो. घराचे पुढचे दार मात्र "सुतार बघंल" म्हणून सोडून देतो. गृहप्रवेश होतो अक्षय्य तृतीयेच्या आसपास, म्हणजे भर उन्हाळ्यात. त्या दिवशी दार चौकटीत अगदी फिट्ट बसते. आषाढात तेच दार फुगते, खांदा लावल्याशिवाय लागत नाही, उंबऱ्याखालून पाणी आत येते. मग रात्री दार नुसते लोटून ठेवण्याची सवय लागते. बिबट्याचा वावर असलेल्या जुन्नर तालुक्यात ही सवय परवडणारी नाही. म्हणून घर बांधणाऱ्या बंधू-भगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पाऊस कोणत्या अंगाने येतो?

आपल्याकडचा पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा. तो माळशेजच्या बाजूने, पश्चिमेकडून झोडपतो. पूर्वेला तोंड असलेल्या दाराला त्याचा त्रास कमी. पण रस्त्याच्या कडेची घरे रस्ता असेल तिकडे तोंड करतात, त्यामुळे अनेकांचे दार पश्चिमेला येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याच दिवशी जुन्नर-आंबेगावातही घरांचे पत्रे व पॉलिहाऊस उडाले. वाऱ्यासोबतचा पाऊस आडवा येतो, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

जुन्या घरात दारापुढे पडवी किंवा ओसरी असायची. पागोळी चार हात लांब पडायची, दाराला थेंब लागत नसे. आताच्या घरात दार थेट दर्शनी भिंतीत येते. तेव्हा दाराची निवड करण्याआधी दारावर किमान तीन फुटांचा छज्जा काढा. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन इंच आत, अर्ध्या इंचाची खाच गवंड्याकडून ठेवून घ्या. म्हणजे पाणी छज्जाखालून सरकत दारावर न येता खाचेपाशीच खाली गळते. खर्च जवळजवळ काही नाही, पण स्लॅब भरताना सांगायला हवे.

कोणते दार घ्यावे?

लाकडी दार : साग सर्वांत भरवशाचा. तो कमी फुगतो आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. फळी घेताना गडद गाभ्याची घ्यावी. कडेचे पांढरट लाकूड किडते. बाभूळ मजबूत, पण नीट वाळवली नाही तर पिळते. आंब्याचे लाकूड बाहेरच्या दाराला नको, त्याला पाणी आणि कीड दोन्ही सोसत नाहीत. बांधावरचे झाड तोडून दार करायचे असेल तर साग, आंबा, जांभूळ, चिंच, हिरडा ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात येतात. आधी परवानगी घ्या, मग कुऱ्हाड लावा.

ओल्या लाकडाचे दार कधीही करू नये. एक इंच जाडीच्या फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा, मध्ये पट्ट्या देऊन किमान सहा महिने रचून ठेवाव्यात. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत वाढते. तीन फुटी दार एक टक्का जरी फुगले तरी जवळजवळ एक सेंटिमीटर होते. म्हणून सलग फळ्या ठोकलेल्या दारापेक्षा पॅनेलचे दार बरे. त्यात मधली फळी खाचेत मोकळी असते. ती आतल्या आत फुगते आणि दाराची रुंदी फारशी बदलत नाही. ती फळी खिळ्यांनी किंवा डिंकाने पक्की करू नका, असे सुतारबाबांना सांगावे.

फ्लश डोअर : स्वस्त असते, आतल्या खोल्यांना चालते. पावसाच्या तोंडावर साधे फ्लश डोअर दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडते. प्लायवूड वापरायचेच तर त्यावर आय.एस. ७१० हा शिक्का पाहावा. आय.एस. ३०३ हा साध्या प्लायवूडचा क्रमांक आहे.

लोखंडी दार : फुगत नाही, वाळवीची भीती नाही, रात्री निर्धास्त. पण वेल्डिंगचे सांधे आणि खालची कड आधी गंजते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घ्यावा, जस्ताच्या पत्र्याला चालणाऱ्या प्रायमरचा हात देऊन मगच रंग लावावा. पोकळ दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी दोन भोके ठेवावीत. पश्चिमेच्या उन्हात ते फार तापते, हेही लक्षात असू द्या.

पी.व्ही.सी. दार : न्हाणीघराला उत्तम. पुढच्या दाराला नको. उन्हाने ते कडक होऊन तडकते आणि धक्क्याला टिकत नाही.

बसवताना घ्यायची काळजी

१) उन्हाळ्यात लाकडी दार बसवत असाल तर कुलपाच्या बाजूला चार-पाच मिलिमीटर फट ठेवा. ती पावसाळ्यात आपोआप भरते.

२) दार टांगण्याआधी त्याची खालची आणि वरची कड रंगवून घ्या. लाकडाच्या टोकाकडून पाणी सर्वांत जास्त शोषले जाते आणि नेमकी हीच कड कोरी राहते.

३) उंबरा काढून सलग फरशी करण्याची हौस टाळा. घरात म्हातारी माणसे असतील तर पाऊण इंचाचा ठेवा, पण ठेवाच. त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. पायरी घराच्या फरशीपेक्षा दोन इंच तरी खाली असावी.

४) लाकडी चौकटीचे पाय मातीत किंवा ओल्या सिमेंटात गाडू नका, दगडी उंबऱ्यावर टेकवा. भिंतीला लागणारी बाजू डांबराने माखून घ्या. वाळवीसाठी घरबांधणीचेच औषध, लेबलवरील प्रमाणात वापरा. शेतात फवारलेल्या औषधाचा उरलेला डबा दारावर रिकामा करू नये. दाराला लहान मुलांचे हात दिवसभर लागतात.

५) जड दाराला तीनऐवजी चार बिजागऱ्या, त्याही पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या. आतून कडी-कोयंड्याशिवाय एक आडवा अडसर असावा.

दार फुगलेच तर?

भर पावसात रंधा मारून घेऊ नका. तेव्हा तासलेले दार उन्हाळ्यात आकसते आणि बोटभर फट पडते. अगदीच लागत नसेल तर जिथे घासते तेवढेच हलक्या हाताने काढा आणि तासलेली कड कोरडी होताच रंगवा. दरवर्षी मृगाच्या आधी दार पुसून रंगाचे पोपडे पाहा, उघड्या लाकडाला जवसाचे तेल किंवा वॉर्निश द्या. बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा.

येत्या अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा असेल तर दाराचे लाकूड दिवाळीआधीच घेऊन सावलीत रचून ठेवावे. पाया खोदताना दाराची दिशा आणि स्लॅब टाकताना छज्जा, या दोन गोष्टी गवंडी-सुतार दोघांना समोरासमोर बसवून ठरवून घ्याव्यात.