पाणचक्कीला पाणी येते कुठून?

रोजा सुटतो तो खजुराने आणि पाण्याच्या घोटाने. मगरिबची अजान झाली की भजी-फळांकडे हात जाण्याआधी पाण्याचा पेला ओठांशी येतो. त्या पेल्याची किंमत छत्रपती संभाजीनगरात रोजा न धरणाऱ्यांनाही ठाऊक आहे. नळाला पाणी कधी येणार, याची दिवस-दिवस वाट पाहणे इथल्या मोहल्ल्यांना, पेठांना आणि नव्या कॉलन्यांना सारखेच वाट्याला आले आहे. पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी उपसायचे, चढावर ढकलायचे, मग ते शहरात पोहोचणार.

याच शहरात खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून पाणचक्की आहे. बहुतेक मंडळी मकबऱ्याला जाता-जाता इथे उतरतात. हौदातले मासे पाहतात, जुन्या वडाखाली फोटो काढतात, फिरते चाक पाहून ‘अरे वा’ म्हणतात आणि निघतात. भिंतीवरून हौदात कोसळणारे हे पाणी येते कुठून, हा प्रश्न सहलीच्या घाईत राहूनच जातो.

त्याचे उत्तर उत्तरेच्या डोंगरांकडे आहे, आणि त्याची सुरुवात मलिक अंबरपासून करावी लागते. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी हातोहात विकला जात दख्खनेत पोहोचला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मोगलांना जेरीस आणणारा सेनापती म्हणून तो शाळेच्या पुस्तकात भेटतो. १६१० मध्ये त्याने खडकीला शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. नवे शहर वसवायचे तर आधी पाणी हवे. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव बोगद्यात झिरपू द्यायचे आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरापर्यंत चालवत आणायचे, ही त्याची योजना. तिचे नाव ‘नहर-ए-अंबरी’. इराणातल्या कनातींशी तिचे नाते जुळते. हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा, म्हणून वाटेत जागोजागी तोंडे ठेवलेली. एकही पंप नाही. लढायांची वर्णने आपल्याकडे चवीने वाचली जातात. या बोगद्याला मात्र दोन ओळींवर जागा मिळत नाही.

नहर-ए-अंबरीनंतर शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची त्यांतलीच एक. मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर इथे स्थिरावले. नावच मुसाफिर, आणि त्यांच्या तकियावर राबता असायचा तोही मुसाफिरांचा. फकीर, विद्यार्थी, वाटसरू, ज्याला गावात कोणी नाही असा कोणीही. बाबांच्या हयातीत आणि त्यांच्या मागून, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, इथे मशीद, मदरसा, सराई असा पसारा वाढत गेला. इतक्या तोंडांना रोज भाकरी द्यायची तर पीठ हवे आणि जात्यावर किती हात बसवणार? त्यातून ही चक्की आली. रमजानमध्ये प्रवासात असलेल्याला रोजाची सवलत आहे, सुटलेले रोजे नंतर पुरे करता येतात. त्यामुळे अशा ठिकाणी या महिन्यातही काहींना दिवसा भाकरी लागली असेल, काहींना सूर्यास्तानंतर. पीठ दोघांनाही लागणारच.

डोंगराकडून खापरी नळांतून पाणी बंदिस्त येते. नळ बंद असल्याने पाण्याचा दाब टिकतो. त्या दाबानेच ते इथल्या उंच भिंतीवर चढते आणि वरून कोसळते. या पडत्या पाण्याने खालचे पात्यांचे चाक फिरते, चाकाबरोबर उभा दांडा आणि दांड्याबरोबर वरची तळी. आता इथे धान्य दळले जात नाही, पण रचना डोळ्यांनी पाहता येते. हौदाची करामत त्याहून न्यारी. त्याचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचे छत. जाड खांबांवर सगळे पाणी तोललेले आणि त्याच्या गारव्याने खालचे दालन उन्हाळ्यातही थंड. हौदातले जास्तीचे पाणी खाम नदीत. ती नदी आज कोणत्या अवस्थेत आहे, ते दरवाजाच्या पुलावरून नाकाला आधी कळते.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. विहीर खोदणे, पाण्याची सोय करणे हा ‘सदका-ए-जारिया’, म्हणजे करणारा गेल्यावरही चालू राहणारा दानधर्म. ‘जारी’ म्हणजे वाहते. सरकारी आदेश ‘जारी’ होतो तो मराठीतला शब्दही तोच. आणि ‘हौद’सुद्धा अरबी ‘हौज’चाच. अशा दानाचे पुण्य पाणी वाहते आहे तोवर, असे आलिम सांगतात.

ते वाहणेच आता अडचणीत आहे. उन्हाळ्यात पाणचक्कीची धार बारीक होते. जुन्या नहरींच्या वाटेवर घरे उभी राहिली, रस्ते खोदताना नळ फुटले, भोवतालच्या बोअरवेलनी मुरणारे पाणी आधीच ओढून घेतले. काही तोंडे कचऱ्याने बुजली. डागडुजी होते ती दिसणाऱ्या भागाची. हौद उपसला जातो, भिंतींना रंग लागतो, दिवे बसतात. डोंगराकडच्या विहिरी आणि मधला नळ मात्र कोणाच्या फोटोत येत नाही, म्हणून कोणाच्या यादीतही येत नाही. शहरातल्या इतिहासप्रेमींनी या नहरींच्या वाटा पायी फिरून पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी आवाज उठवला आहे. पालिकेने निदान या वाटा नकाशावर पक्क्या आखून तिथली खोदाई थांबवावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. टँकरवर होणाऱ्या खर्चापुढे तर मुळीच नाही.

इथे जायचे तर असर आणि मगरिबच्या मधली वेळ बरी. ऊन उतरलेले असते आणि सहलीच्या बसही निघून गेलेल्या असतात. दर्गा-मशिदीच्या बाजूला पादत्राणे काढावीत, वुजू करणाऱ्यांना वाट द्यावी. बाकी कोणालाही कुठे मज्जाव नाही. मुले बरोबर असतील तर त्यांना आधी चाक न दाखवता हौदाच्या टोकाच्या उंच भिंतीपाशी न्यावे आणि विचारावे, की पंप नसताना पाणी एवढे वर चढले कसे. उत्तर सापडायला वेळ लागतो. तोवर खालच्या दालनात चक्कर मारून यावी. आणि पुढच्या रविवारी पाय धडधाकट असतील, तर माहितगाराला बरोबर घेऊन उत्तरेकडे, नळाच्या उगमाच्या दिशेने चालायला लागावे.