आक्षेपार्ह जाहिरात आणि भाषणस्वातंत्र्याची मर्यादा

नागपुरातील गांधीबाग हे औषधांच्या घाऊक व्यापाराचे स्थान होय. या व्यापारात जाहिरातीचे पत्रक कोणाच्या हाती द्यावे, यावरही कायद्याचे बंधन आहे. औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, अंधत्व अशा विकारांवरील औषधाची जाहिरात सर्वसाधारण जनतेपुढे करता येत नाही. नोंदणीकृत वैद्यक व्यवसायींकडे मात्र ती गोपनीय रीतीने पाठविता येते. घाऊक विक्रेत्याकडे ती द्यावयाची तर त्यांच्यात वाटण्यापुरतीच, आणि पत्रकाच्या शिरोभागी तसा स्पष्ट निर्देश करून. तेच पत्रक रोग्याच्या हाती पडले की ते आक्षेपार्ह ठरते. मजकूर तोच राहतो. बदलतो तो केवळ वाचक.

‘आक्षेपार्ह’ या शब्दाचा येथील अर्थ त्यामुळे नीट ध्यानी घ्यावयास हवा. अश्लीलतेशी त्याचा संबंध थोडा आहे. खोट्या दाव्यांसाठी अधिनियमात वेगळे कलम आहे. तिसऱ्या कलमापुढे दावा खरा की खोटा, हा प्रश्नच उद्भवत नाही. रोग्याने जाहिरात वाचून स्वतःच स्वतःवर औषधोपचार करू नये, हा त्याचा हेतू.

भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची जी कारणे संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये दिली आहेत, त्यांत सभ्यता व नीतिमत्ता आहेत; सार्वजनिक आरोग्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ‘हमदर्द दवाखाना’ प्रकरणी ही अडचण निराळ्या मार्गाने दूर केली. जाहिरात हे अभिव्यक्तीचेच रूप खरे, तथापि तिचे खरे स्वरूप तिच्या उद्दिष्टावरून ठरते. निषिद्ध औषधाची जाहिरात हा व्यापाराचा भाग असल्याने तिला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय झाला. अमेरिकेतील १९४२ च्या एका निवाड्याचा आधार त्यास होता. त्या प्रकरणी न्यूयॉर्कमध्ये पाणबुडीचे प्रदर्शन मांडणाऱ्या एका गृहस्थाने जाहिरातपत्रकाच्या पाठीवर शासनाचा निषेध छापून कायद्यातून सुटण्याचा यत्न केला होता! अधिनियम सरसकट वैध ठरला, हा समज मात्र अपुरा आहे. रोगांची यादी वाढविण्याचा शासनाला दिलेला अनिर्बंध अधिकार आणि जप्तीची तरतूद न्यायालयाने रद्द केली. १९६३ मध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली.

पुढे मूळ आधारच ढासळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये औषधांच्या किंमती जाहीर करण्यावरील बंदी रद्द करून व्यापारी भाषणाला संरक्षण दिले. भारतात मुंबईच्या ‘टाटा प्रेस’च्या पिवळ्या पानांवरून उद्भवलेल्या वादात १९९५ मध्ये हेच तत्त्व मान्य झाले. फसव्या जाहिराती त्या निवाड्यानेही संरक्षणाबाहेर ठेवल्या. ‘हमदर्द’ निवाडा निषिद्ध औषधांपुरता मर्यादित मानला. २०२३ मध्ये ‘कौशल किशोर’ प्रकरणी अनुच्छेद १९(२) मधील कारणांची यादी परिपूर्ण असून तीत भर घालता येत नाही, असे ठरले.

परिणामी मधुमेहावरील औषधाची फसवी जाहिरात सहज अडविता येते. खरी जाहिरात का अडवावी, याचे उत्तर मात्र अवघड झाले आहे. या बंदीचा आधार भाषणविषयक तरतुदीत न शोधता व्यापाराच्या नियमनात, म्हणजे सर्वसाधारण जनहितासाठी वाजवी निर्बंधांना मुभा देणाऱ्या अनुच्छेद १९(६) मध्ये शोधणे अधिक प्रामाणिक होईल. मात्र मग एकच जाहिरात भाषण आणि व्यापार अशा दोन्ही कसोट्यांवर का तपासू नये, या प्रश्नाला सामोरे जावेच लागेल.

जादूई उपचारांबाबत ही अडचण नाही. मंत्र, कवच, ताईत यांचा समावेश १९५४ च्या अधिनियमातच आहे. दैवी गुणांचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदेशीर ठरविल्या. तेथे दाव्याची असत्यता हाच दोष होता.

अभिरुचीला धक्का देणाऱ्या जाहिरातीची गोष्ट निराळी. ज्या १९९५ साली ‘टाटा प्रेस’चा निर्णय झाला, त्याच साली मुंबईत बुटांच्या एका जाहिरातीतील नग्न छायाचित्रावरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. या जाहिरातीने कोणा रोग्याला फसविले नव्हते. आरोपींची निर्दोष सुटका २००९ मध्ये झाली.