राखाडी टोपणाची नळी

लेक एम्कॅटच्या तयारीला बसली होती, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. फ्रिजच्या दारापासून बाथरूमच्या आरशापर्यंत घरभर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या, क्रेब्ज चक्राच्या आठ, वीस अमिनो आम्लं त्यांच्या एकाक्षरी खुणांसकट. कोणतीही चिठ्ठी काढा, ती घडाघडा म्हणून दाखवी आणि मला रामरक्षा ऐकल्याचं समाधान मिळे. तिला तशी सवय मीच लावली होती. आमच्या वेळी मुंबईला एम.एस्सी.ला 'ग्लायकोलिसिसचे सविस्तर वर्णन करा' असा प्रश्न हमखास यायचा. पाठांतर चोख, तर गुण चोख.

पण सराव परीक्षांत तिचे गुण जागचे हलेनात. तिसऱ्या परीक्षेनंतर ती जेवायला खाली आली नाही. रात्री म्हणाली, "आई, माझ्यात तेवढी बुद्धीच नाही गं. मी दुसरं काहीतरी बघते." हे वाक्य आपल्या मंडळातल्या आणखी चार-पाच घरांत ऐकू आलं आहे असं नंतर कळलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुसऱ्या दिवशी चुकलेले प्रश्न घेऊन आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. पहिलाच प्रश्न साधारण असा होता: रक्ताच्या नमुन्यात सोडियम फ्लोराइड घातलं की एनोलेज हे एन्झाइम बंद पडतं, तरीही पहिला तास-दोन तास नमुन्यातली साखर कमी होतच राहते, ती का? लेक तत्काळ म्हणाली, "एनोलेज, नववी पायरी." आणि तिथेच थांबली.

आता माझी फजिती ऐका. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काम करते आहे. राखाडी टोपणाची नळी रोज हातात येते. तिच्यात फ्लोराइड असतं आणि ती साखरेच्या तपासणीसाठी असते, हे मी झोपेतही सांगीन. एनोलेज नववी पायरी, हेही सांगीन. पण ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात इतकी वर्षं शेजारी राहून एकमेकांशी कधी बोललीच नव्हती! उत्तर मलाही पटकन देता आलं नाही.

मग कोरा कागद घेतला. रक्त शरीराबाहेर काढलं तरी त्यातल्या तांबड्या पेशी लगेच मरत नाहीत. त्यांना मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे पोट भरायला त्यांच्याकडे ग्लायकोलिसिसखेरीज दुसरा धंदा नाही. नळीत बसून त्या साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेहाची शंका घेतात. समजा एखाद्याची खरी साखर १३० आहे आणि नळी टेबलावर तासभर पडून राहिली. आकडा येतो १२२ च्या आसपास, आणि तो माणूस 'अजून मधुमेह नाही' असं समजून घरी जातो. आपल्या मंडळातल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता फ्लोराइड. ते नवव्या पायरीवर रस्ता अडवतं. वरच्या आठ पायऱ्या मोकळ्याच. साखर पेशीत शिरून पहिल्या पायरीवर हेक्सोकायनेजच्या हाती पडते, तिथे अजून कोणी मज्जाव केलेला नाही. मग शेवटी थांबतं ते कसं? इथे जमाखर्च मांडावा लागतो. एका ग्लुकोजमागे सुरुवातीला पेशी दोन एटीपी खर्च करते. सातव्या पायरीवर दोन परत मिळतात. नफ्याचे दोन मिळतात ते दहाव्या पायरीवर, आणि तिथवर आता माल पोचतच नाही. दोन घातले, दोन आले, नफा शून्य. घरखर्च मात्र चालूच. हळूहळू गल्ला रिकामा होतो आणि पहिल्या पायरीवर द्यायलाही एटीपी उरत नाही. दुसरीकडे पायरुवेट तयार होत नाही म्हणून एनएडी मोकळं होत नाही आणि सहावी पायरी अडते. अशी वरपर्यंत कोंडी व्हायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात साखर थोडी कमी होते. म्हणूनच हल्ली सायट्रेट असलेल्या नळ्याही निघाल्या आहेत. त्या रक्त किंचित आम्लधर्मी करून हेक्सोकायनेजला दारातच थोपवतात.

लेक कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे नववी म्हणजे नुसता नंबर नाही. नववी म्हणजे उशिरा." तिचे डोळे मला तेव्हा बरेच दिवसांनी हसरे दिसले.

ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांनी परीक्षेचं रूप एकदा पाहून घ्यावं. २०१५ साली एम्कॅट बदलली आणि बायोकेमिस्ट्रीला तिच्यात मोठी जागा मिळाली. जीवशास्त्राच्या विभागात ९५ मिनिटांत ५९ प्रश्न असतात. त्यांतले ४४ उताऱ्यांवरचे: कोणीतरी प्रयोग केला, एखादं एन्झाइम बंद पाडलं, हा आलेख, सांगा काय झालं असेल. पायऱ्यांची नावं यायला हवीतच, त्याशिवाय उतारा वाचणंच शक्य नाही. पण नावांना गुण नाहीत.

पेशीच्या पडद्याचंही तसंच. सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो; ही चिठ्ठी आरशावर होतीच. मी विचारलं, पोटॅशियमची नळी कोणी प्रेमानं बर्फात ठेवून पाठवली तर? पंप एटीपीवर चालतो, थंडीत तो गारठतो. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट जास्त, ते झिरपत बाहेर येतं आणि रुग्ण ठणठणीत असूनही रिपोर्ट भयंकर दिसतो. आमच्याकडे असे फोन होतात. लॅक्टेटची नळी मात्र बर्फातच हवी. का ते लेकीनं मिनिटभरात सांगितलं. वाचकांनीही सांगून पाहावं, वरचा तांबड्या पेशींचा मजकूर पुरेसा आहे.

एका बाबतीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. एका ग्लुकोजपासून एकूण ३८ एटीपी, हे मी विद्यार्थिदशेत घोटलेलं सत्य. तिच्या पुस्तकात ३० ते ३२! मी म्हटलं, अमेरिकन पुस्तकं काटकसर करतात. हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "महागाई वाढली, दुसरं काय." शेवटी पुस्तक वाचलं तर तिचंच बरोबर. एका एनएडीएचमागे मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून दहा प्रोटॉन बाहेर टाकले जातात आणि एक एटीपी तयार करून बाहेर पोचवायला साधारण चार लागतात. दहा भागिले चार म्हणजे अडीच. आम्ही तीन धरत होतो. एफएडीएच-टूचे सहा प्रोटॉन, म्हणजे दीड. आम्ही दोन धरत होतो. दहा एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-टूचे ३, आणि थेट मिळालेले ४, झाले ३२. पेशीद्रवातले दोन एनएडीएच आडवाटेनं आत गेले तर ३०. आकडा विसरला तरी हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत पुन्हा मांडता येतो. जाता जाता सांगायला हवं की एटीपी १९२९ साली ज्यांनी शोधलं त्यांत हार्वर्डमधले सुब्बाराव होते, आंध्रातून बोस्टनला आलेले. मुलांच्या पुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच दिसतं.

अमिनो आम्लांना ती सर्वांत कंटाळली होती. वीस रचना, कोणावर ऋण भार, कोणावर धन, कोण पाण्याला घाबरतं. तिला मी सिकल सेलची गोष्ट सांगितली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, एवढाच फरक. पहिल्यावर ऋण भार, दुसऱ्यावर भारच नाही. म्हणून आमच्या लॅबमधल्या जेलवर ते हिमोग्लोबिन धन टोकाकडे जाताना मागे रेंगाळतं. १९४९ साली पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतभाराचा हाच फरक पकडला होता. आणि व्हॅलीन पाण्यापासून तोंड लपवायला शेजारच्या रेणूला चिकटतं, म्हणून प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकडी होते. हा आजार फक्त आफ्रिकन वंशाच्या लोकांत असतो असं ती समजत होती. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर तो आजही आहे, हे ऐकून ती गप्प झाली. त्या रात्री तिनं वीसही रचना न बघता काढल्या.

चिठ्ठ्या आम्ही काढून टाकल्या नाहीत, पण प्रत्येकीच्या मागे एक प्रश्न लिहिला: हे बंद पडलं तर काय साठेल, काय संपेल, कोण आजारी पडेल? रोज सकाळी पुस्तक मिटून एक कोरा कागद. जिथे पेन अडेल तेवढंच पुस्तक उघडायचं. पहिले दोन आठवडे गुण उलट खाली गेले आणि घरात रडारड झाली, हेही प्रामाणिकपणे सांगते. तेव्हा 'नीट पाठ कर' हे शब्द माझ्या ओठांवर किती वेळा आले आणि मी ते किती कष्टानं गिळले, ते माझं मलाच ठाऊक. सहाव्या आठवड्यात गुण हलले. परीक्षा तिनं दिली, आणि प्रवेशही मिळाला, दुसऱ्या वर्षी अर्ज केल्यावर.

रविवारी मराठी शाळा भरते तेव्हा मी मागच्या छोट्या खोलीत बसलेली असते. कॉलेजातल्या मुलांना खुशाल पाठवा, नर्सिंगच्या किंवा फार्मसीच्या परीक्षेला बसणाऱ्या आयांनीही यावं. येताना कोरे कागद आणावेत. पुस्तकं गाडीतच राहू द्यात.